कॅम सॉफ्टवेअर घेताना आधी पोस्ट विचारा

भोसरी, शिरोली, अंबड, वाळूज. कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या तीन-चार व्हीएमसींच्या वर्कशॉपमध्ये कॅम सॉफ्टवेअर घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असतो, चांगलं कुठलं? कोणी मास्टरकॅमचं नाव घेतं, कोणी पॉवरमिलचं. मोठ्या टूलरूममध्ये काम केलेला माणूस एनएक्सशिवाय बोलत नाही आणि नवा इंजिनियर म्हणतो, फ्यूजन घेऊ, स्वस्तात होईल. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा जॉब असतो. नुसत्या ‘चांगलं कुठलं’ला उत्तरच नाही. ‘आमच्या जॉबला, आमच्या कंट्रोलला आणि आमच्या माणसांना कुठलं’ असं विचारलं तर उत्तर आहे, पण ते माहितीपत्रकात सापडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टूलपाथपुरतं बोलायचं तर बाजारातली सगळी नावाजलेली पॅकेजं आज रोजच्या कामाला पुरून उरतात. खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी: पोस्ट प्रोसेसर कसा आहे, आणि तो चुकला तर तुमच्या मशीनपाशी येऊन उभं कोण राहणार आहे. खरेदीच्या बैठकीत सगळ्यात कमी वेळ नेमका याच दोन गोष्टींना मिळतो, म्हणून हा लेख.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण मेख तिथेच आहे. मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या रोटरची पाती बनवताना वक्रावरचे बिंदू गणिताने काढून मशीनला देण्याची कल्पना सुचली. त्या कामातून अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेत १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. मशीन चाललं, पण त्याच्यासाठी पंचटेप तयार करणं हे फार जिकिरीचं काम होतं. डग्लस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एपीटी ही भाषा घडवली आणि १९५९ च्या फेब्रुवारीत ती जाहीर करताना पत्रकारांना त्या पद्धतीने कापलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे दिला. एपीटीने कामाचे दोन भाग केले. टूलचं टोक कुठून कुठे जाणार हे आधी कुठल्याही विशिष्ट मशीनचा विचार न करता काढायचं, आणि मग दुसऱ्या प्रोग्रॅमने ते त्या-त्या मशीनला कळेल अशा कोडमध्ये उतरवायचं. हा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे पोस्ट प्रोसेसर, थोडक्यात पोस्ट. इतकी वर्षं झाली, पडद्यावरचं चित्र पार बदललं, पण ही विभागणी आजही जशीच्या तशी आहे. डेमोमध्ये रंगीत टूलपाथ फिरताना दिसतो तो पहिला भाग. मशीनवर धातू कापला जातो तो दुसऱ्या भागाच्या भरवशावर.

मशीनला कळणाऱ्या या कोडला, म्हणजे जी-कोडला, आयएसओ ६९८३ हे प्रमाण आहे, तरी दोन कंट्रोल एकच कोड सारखा वाचतील याची खात्री नसते. फानुकवर पॅरामीटर तसा लावलेला असेल तर ‘एक्स १००’ असं दशांशचिन्हाशिवाय दिलेलं अंतर १०० मिलिमीटर होत नाही. कंट्रोल ते १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर धरतो. शेवटी टिंब दिलं तरच १०० मिलिमीटर. एका टिंबाने हजारपट फरक. वर्तुळाचं पाहा. चाप ‘आर’ने, म्हणजे त्रिज्येने दिला तर अर्ध्या-पाव वर्तुळाला चालतो. पूर्ण वर्तुळ त्याने देता येत नाही, त्याला केंद्राचं अंतर आय आणि जे मध्येच द्यावं लागतं. पाच अक्षांच्या मशीनवर तर भाषाच बदलते. टूलचं टोक जागेवर ठेवून अक्ष फिरवायची आज्ञा फानुकला जी ४३.४ ने द्यायची, सीमेन्सला ट्राओरी म्हणून आणि हायडेनहाइनला एम १२८ म्हणून. तिरक्या पृष्ठावर काम करायचं तर फानुकला जी ६८.२, सीमेन्सला सायकल ८००, हायडेनहाइनला प्लेन स्पेशियल. यातलं काहीही पोस्टमध्ये चुकीचं बसलं असेल तर पडद्यावरचा सुंदर टूलपाथ स्पिंडल टेबलावर आपटवू शकतो.

इतका मोठा अपघात क्वचित होतो. रोजचं नुकसान होतं ते अर्धवट पोस्टमुळे. कोल्हापूरकडच्या कास्टिंगच्या कामात हे स्पष्ट दिसतं. एचएमसीवर व्हॉल्व्हची बॉडी लावली आहे, चारही बाजूंना ड्रिलिंग-टॅपिंग आहे. टेबल ९० अंशांनी फिरलं की वर्क ऑफसेट जी ५४ वरून जी ५५, मग ५६, मग ५७ असा बदलायला हवा. पोस्टमध्ये ती सोय नसली की सगळ्या बाजूंना जी ५४ च येतो. मग प्रोग्रॅमर प्रत्येक वेळी फाइल उघडतो, शोधून शोधून ऑफसेट हाताने बदलतो आणि पेनड्राइव्ह सेटरच्या हातात देतो. कस्टमरने रिव्हिजन पाठवली की पुन्हा तेच. एखाद दिवशी एका ठिकाणी बदल राहून जातो आणि भोकं भलत्याच जागी पडलेली बॉडी रिजेक्शनच्या रॅकवर जाते. हातदुरुस्ती दोन मिनिटांची म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण कॅम घेण्यामागचा हेतूच त्या दोन मिनिटांत वाया जातो. माझ्या लेखी नियम साधा आहे: पोस्टमधून निघालेल्या फाइलला हात लावावा लागत असेल, तर पॅकेज अजून आपल्या शॉपमध्ये पोहोचलेलंच नाही.

म्हणून विक्रेत्याला विचारायचे पहिले प्रश्न पोस्टचे. आमच्या नेमक्या मशीनची, नेमक्या कंट्रोलची पोस्ट तयार आहे का? ती किमतीत धरली आहे की वेगळे पैसे? आम्हाला उघडून बदलता येईल की कुलूपबंद आहे? ऑटोडेस्कच्या फ्यूजनच्या पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये आणि खुल्या असतात, थोडं प्रोग्रॅमिंग येणारा माणूस त्यात बदल करू शकतो. मास्टरकॅमची स्वतःची पोस्टभाषा आहे आणि ती जाणणारी माणसं बाजारात मिळतात. एनएक्सच्या पोस्टमागे टीसीएल असते. खुली पोस्ट म्हणजे स्वातंत्र्य, पण ज्या शॉपमध्ये ती बदलणारा कोणी नाही तिथे कुलूपबंद असली तरी जबाबदारीने दुरुस्त करून मिळणारी पोस्ट जास्त कामाची. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर पॅकेज कितीही गाजलेलं असो, घेऊ नये.

पोस्टच्या जोडीला कंट्रोलची कुवत पाहायला हवी. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांची मशीनं अजून व्यवस्थित पैसे कमावतात. त्यातल्या कित्येकांची मेमरी टेपच्या मीटरमध्ये मोजली जाते. ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ किलोबाइट. थ्रीडी फिनिशिंगचा प्रोग्रॅम सहज काही मेगाबाइटचा होतो, त्यामुळे तो संगणकावरून आरएस-२३२ केबलने तुकड्या-तुकड्याने पाठवावा लागतो. आता हिशेब करा. टूलपाथ ०.१ मिलिमीटरच्या बारीक रेषांचा आहे आणि फीड ३,००० मिलिमीटर प्रतिमिनिट, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर. मशीनला दर सेकंदाला ५०० ओळी हव्यात. एका ओळीत २५ अक्षरं धरली तर १२,५०० अक्षरं. ९,६०० बॉडच्या केबलमधून सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, म्हणजे ३८ ओळी. मशीनचा खरा वेग मिनिटाला २३० मिलिमीटरच्या आसपास अडकतो, अक्ष अडखळत चालतात आणि जॉबवर त्या अडखळण्याचे वण उठतात. इथे पॅकेज बदलून फायदा शून्य. उपाय सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे: टॉलरन्स किती ठेवायचा, बारीक रेषा जोडून चाप करायचे की नाही. किंवा मशीनला मेमरी कार्डची सोय करून घेण्यात. नव्या कॅमच्या पैशांतला थोडा भाग आधी इथे घालणं शहाणपणाचं ठरतं.

आता जॉबकडे येऊ, कारण निवडीचा दुसरा आधार तो.

टर्निंगला बहुतेक ठिकाणी कॅमची गरजच नाही. पिना, बुश, फ्लॅंज, शाफ्ट यांना जी ७१ ने रफिंग, जी ७० ने फिनिशिंग, जी ७६ ने थ्रेडिंग. अनुभवी सेटर हे मशीनसमोर उभ्या उभ्या लिहितो. फानुकचं मॅन्युअल गाइड आय, सीमेन्सचं शॉपटर्न, माझाकचं १९८१ पासून चालत आलेलं माझाट्रॉल, ही सगळी कंट्रोलवरची साधनं याच कामासाठी आहेत. नुसते टर्निंग सेंटर असलेल्या शॉपने कॅमवर पैसे घालू नयेत, हे मी ठामपणे सांगतो.

प्लेट, ब्रॅकेट, हाउसिंग अशी अडीच अक्षांची कामं हा सगळ्यात मोठा वर्ग. फेसिंग, पॉकेट, भोकं, टॅप. यात सगळी पॅकेजं सारखीच उतरतात. इथे पाहायचं ते पॅकेज भोकं आपोआप ओळखतं का, एम ८ चं टॅपिंग म्हटलं की सेंटर ड्रिल, ६.८ चं ड्रिल, चॅम्फर आणि टॅप हा क्रम एकदा साठवून पुढच्या प्रत्येक जॉबला लावता येतो का, आणि टूल लायब्ररीत तुमचे होल्डर, तुमचे फीड-स्पीड एकदाच भरून ठेवता येतात का. या वर्गाला महागडं पॅकेज घेऊ नये. फ्यूजन पुरतं. ज्यांच्याकडे सॉलिडवर्क्सचं चालू सबस्क्रिप्शन आहे त्यांना त्यातलं मूळ स्तराचं सॉलिडवर्क्स कॅम वेगळे पैसे न देता मिळतं. त्याच्या आतलं इंजिन कॅमवर्क्सचं आहे आणि कॅमवर्क्सशी महाराष्ट्राचं नातं आहे. गोदरेज समूहातून निघालेल्या, मुंबई-पुण्यात काम वाढवलेल्या जॉमेट्रिक कंपनीने ते वर्षानुवर्षं विकसित केलं. पुढे जॉमेट्रिकचा हा व्यवसाय एचसीएलकडे गेला. इंजिनियरिंग सॉफ्टवेअर म्हणजे परदेशातून येणारी वस्तू असं आपण गृहीत धरतो. त्यातलं काही हिंजवडीत बसलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे.

रफिंगच्या बाबतीत मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत खरोखर मोठी सुधारणा झाली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १२ मिलिमीटरचं एंडमिल ६ मिलिमीटरचा साइड कट घेत सरळ चाललं आहे. त्याच्या परिघाचा ९० अंशांचा भाग धातूत आहे. ते पॉकेटच्या काटकोनी कोपऱ्यात शिरलं की हाच भाग एकदम १८० अंशांपर्यंत जातो. फीड तोच, भार दुप्पट. आवाज बदलतो, टूल थरथरतं आणि कार्बाइडची धार तिथेच उडते. ऑपरेटर मग फीडचा ओव्हरराइड ६० टक्क्यांवर आणून ठेवतो आणि चार कोपऱ्यांपायी अख्खा जॉब हळू चालतो. नव्या पद्धतीत टूल कोपऱ्यात थेट घुसत नाही. वळसे घेत, दर वेळी ठरावीक कोनातच धातूला भिडतं. साइड कट व्यासाच्या १० टक्के, खोली मात्र व्यासाच्या दुप्पट. साइड कट १० टक्क्यांवर आला की चिपची जाडी दर दाताच्या फीडच्या ६० टक्केच भरते, म्हणून ती जाडी राखायला फीड सुमारे १.६७ पट वाढवावा लागतो. वेग वाढतो आणि टूलही जास्त टिकतं, कारण झीज टोकापुरती न राहता पूर्ण धारेवर वाटली जाते. फ्यूजनमध्ये याला ॲडॅप्टिव्ह म्हणतात, मास्टरकॅममध्ये डायनॅमिक, सॉलिडकॅममध्ये आयमशीनिंग, एजकॅममध्ये वेव्हफॉर्म, पॉवरमिलमध्ये व्होर्टेक्स. नावं आणि दावे वेगळे, तत्त्व एकच. सॉलिडकॅमचं वैशिष्ट्य एवढंच की मटेरियल आणि मशीनची माहिती दिली तर फीड-स्पीडही तेच सुचवतं, आणि जिथे कटिंगचा अनुभव कमी आहे तिथे ही मदत मोठी आहे. मात्र मशीनचे अक्ष जड, वेग पकडायला मंद आणि कंट्रोल जुना असेल तर या वळशांचा फायदा निम्म्यावर येतो. विक्रेता डेमो देतो तो नव्या मशीनवर आणि ॲल्युमिनियममध्ये. तुमचा जॉब ईएन २४ चा असेल तर तोच कापून दाखवायला सांगा.

डाय-मोल्डचं गणित निराळं. पी २० किंवा एच १३ मधली एकच कॅव्हिटी, बॅच नाही, कित्येक तास चालणारं फिनिशिंग. १० मिलिमीटर व्यासाचं बॉलनोज ०.५ मिलिमीटरच्या स्टेपओव्हरने फिरवलं तर दोन ओळींमधली उंचवट्याची रेघ सुमारे ६ मायक्रॉन उरते. स्टेपओव्हर ०.२ वर आणला तर १ मायक्रॉन, पण वेळ अडीचपट. पॉलिशिंगवाल्याचे तास आणि मशीनचे तास यांच्यातला हा सौदा रोज करावा लागतो, म्हणून इथे टूलपाथचा दर्जा खरोखर महत्त्वाचा ठरतो: उरलेलं मटेरियल नेमकं ओळखून फक्त तिथेच लहान टूल पाठवणं, होल्डर भिंतीला लागणार असेल तर टूल किती बाहेर काढायचं ते सांगणं, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर पायरी न ठेवणं. पॉवरमिल, हायपरमिल, वर्कएनसी, सिमॅट्रॉन ही नावं याच कामात मोठी झाली आणि टूलरूमने यांच्यासाठी जास्त पैसे मोजणं रास्त आहे. एनएक्सही इथे तोलाचं आहे, विशेषतः मोल्डचं डिझाइनही त्यातच होत असेल तर.

पाच अक्षांबद्दल एकच सावधगिरी. आपल्याकडे पाच अक्षांचं मशीन घेणाऱ्या बहुतेकांचं काम ‘थ्री प्लस टू’ असतं. दोन अक्ष फिरवून लॉक करायचे आणि मग साधं तीन अक्षांचं मशीनिंग करायचं. पाच बाजू एका सेटिंगमध्ये निघतात, हाच त्याचा मोठा लाभ. पाचही अक्ष एकाच वेळी फिरवणं लागतं ते इम्पेलर, टर्बाइनची पाती, वळणदार पोर्ट अशा जॉबना. ऑर्डर हातात नसताना ‘पुढेमागे लागेल’ म्हणून त्याचं मॉड्यूल घेऊ नका. ते नंतर जोडता येतं. गंमत अशी की अनेक पॅकेजांच्या बहुअक्षीय टूलपाथमागचं गणित जर्मनीत आखेन इथल्या मॉड्यूलवर्क्स या एकाच कंपनीकडून आलेलं असतं. मेनू ओळखीचे वाटतात ते त्यामुळे.

मिल-टर्न आणि स्लायडिंग हेड मशीनवर दोन-तीन टूल एकाच वेळी कापत असतात आणि कोणी कोणासाठी थांबायचं हे प्रोग्रॅममध्येच बसवावं लागतं. एस्प्रिट, गिब्जकॅम, पार्टमेकर यांनी हे काम लवकर हातात घेतलं. इथे तर पोस्ट म्हणजेच सर्वस्व, आणि तसं मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या शॉपमध्ये जाऊन ती पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

कोणतं पॅकेज कोणाचं, हेही एकदा नीट पाहून ठेवावं. ऑटोडेस्कने २०१२ मध्ये डेन्मार्कचं एचएसएमवर्क्स आणि २०१४ मध्ये बर्मिंगहॅमची डेलकॅम घेतली. पॉवरमिल, फीचरकॅम, पार्टमेकर त्यातून तिच्याकडे आले. त्याच वर्षी हेक्सॅगॉनने व्हेरो घेतली, म्हणजे एजकॅम, वर्कएनसी, व्हिसी, अल्फाकॅम. २०२० मध्ये एस्प्रिटही तिच्याकडे गेलं. सँडविक ही कटिंग टूलची कंपनी. तिने २०२१ मध्ये मास्टरकॅम घेतलं आणि गिब्जकॅम-सिमॅट्रॉनही. एनएक्स २००७ पासून सीमेन्सचं आहे आणि कॅटिया दासोचं. याचा परिणाम आपल्या खरेदीवर होतो. एका मालकाकडे एकाच कामाची दोन-तीन पॅकेजं आली की सगळ्यांवर सारखा खर्च होत नाही. एखाद्याचा विकास मंदावतो आणि डीलर गप्प राहतो. त्यामुळे गेल्या तीन आवृत्त्यांमध्ये नवीन काय आलं, हे विचारून घ्यावं. उत्तर अडखळत आलं तर समजून जावं.

पैशांची बाजू. साधं पॅकेज वर्षाकाठी लाखाच्या आत मिळतं, पाच अक्षांचं किंवा मोल्डचं पूर्ण पॅकेज कित्येक लाखांत जातं. मॉड्यूल आणि डीलर यांनुसार भाव हलतात, घासाघीसही चालते. आकड्याहून मोठा प्रश्न आहे विकत की भाड्याने. कायमचा परवाना असेल तर वार्षिक मेंटेनन्स बंद केला तरी जुनी आवृत्ती चालत राहते, मंदीच्या वर्षात हा मोठा दिलासा. भाड्याचं सॉफ्टवेअर हप्ता चुकला की बंद, आणि आपल्याच जुन्या प्रोग्रॅमच्या फाइल उघडता येत नाहीत. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक सॉफ्टवेअरचे नवे कायमचे परवाने विकणं थांबवलं. फुकटावर भिस्त ठेवणाऱ्यांनी २०२० ची आठवण ठेवावी. फ्यूजनच्या वैयक्तिक परवान्यात तेव्हा बदल झाले आणि जी-कोडमधून रॅपिड हालचाल आणि आपोआप टूल बदलणं काढून घेतलं गेलं. त्या परवान्यावर धंदा करणं तसंही नियमाबाहेरचं होतं. पूर्ण मोकळं हवं असेल तर फ्रीकॅड आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि त्यातलं कॅम साध्या अडीच अक्षांच्या कामाला चालतं. शिकण्यासाठी, रूटरसाठी, एखाद्या फिक्स्चरच्या प्लेटसाठी जरूर वापरावं. रोज ऑर्डर काढणाऱ्या शॉपने आज त्यावर विसंबू नये.

क्रॅक केलेल्या कॅमबद्दल कोणी लिहीत नाही, पण ते सगळीकडे आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा. पोस्ट बिघडली तर फोन कोणाला करणार? मोठा कस्टमर ऑडिटला आला तर काय दाखवणार? ज्या शॉपचे मालक चाळीस-पन्नास लाखांचं मशीन बँकेच्या कर्जावर घेतात, त्यांनी ते मशीन चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

क्लाउडचाही विचार करा. फ्यूजन फाइल ऑटोडेस्कच्या सर्व्हरवर ठेवतं. नेट काही दिवस नसलं तरी चालतं, कायमचं नसेल तर नाही. शिवाय संरक्षण आणि विमान उद्योगाची कामं करणाऱ्यांना ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला अनेकदा मनाई असते. ओझरच्या आसपास त्या क्षेत्राची कामं घेणाऱ्यांनी करारातली ही ओळ आधी वाचावी.

माणसांचा मुद्दा तर सगळ्यात वर यायला हवा. तुमच्या गावात कोणतं पॅकेज येणारी माणसं मिळतात? पुण्यात मास्टरकॅम, एनएक्स, पॉवरमिल येणारे मिळतात. लहान गावात एखादं अनोळखी पॅकेज घेतलं आणि शिकवलेला मुलगा दोन हजार जास्त पगारावर चाकणला गेला, की सॉफ्टवेअर कपाटात जातं. यावर उपाय एकच: ज्ञान माणसाच्या डोक्यातून टेम्प्लेटमध्ये उतरवणं. कोणत्या मटेरियलला कोणतं टूल, कोणता क्रम, कोणता फीड, हे पॅकेजमध्ये नीट साठवून ठेवता आलं तर नवा माणूस महिन्याभरात उभा राहतो. प्रोग्रॅम आपोआप सुचवणारी नवी साधनंही आली आहेत. ब्रिटनच्या क्लाउडएनसीचं कॅम असिस्ट त्यांपैकी एक. पण त्यांनी सुचवलेलं बरोबर आहे का, हे पाहायला कापण्याचं भान असलेला माणूस लागतोच. सेटरला प्रोग्रॅमिंगच्या प्रशिक्षणाला पाठवा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमसारख्या संस्था आपल्याकडे आहेतच.

सिम्युलेशनबद्दल एक फरक लक्षात ठेवावा. बरीच पॅकेजं जे दाखवतात ते पोस्टच्या आधीचं असतं. टूलपाथ बरोबर दिसतो, पण पोस्टची चूक त्यात दिसूच शकत नाही. पोस्टमधून निघालेला प्रत्यक्ष जी-कोड वाचून मशीनचं टेबल, फिक्स्चर, होल्डर यांच्यासह चालवून दाखवणारं सिम्युलेशन वेगळं. व्हेरिकट हे त्यातलं जुनं नाव. तीन अक्षांच्या शॉपला ड्राय रन आणि सिंगल ब्लॉक पुरतात. पाच अक्ष किंवा मिल-टर्न असेल तर जी-कोडचं सिम्युलेशन सुरुवातीच्या खर्चातच धरा. एका धडकेत स्पिंडल गेला तर त्याची दुरुस्ती आणि मशीन बंद राहिल्याचे दिवस मिळून त्याहून जास्त जातात.

एकदा घेतलेलं पॅकेज बदलणं अवघड असतं. मॉडेल स्टेप फाइलने कुठेही नेता येतं, पण ऑपरेशन, टूल, क्रम, फीड हे एका पॅकेजमधून दुसऱ्यात जात नाही. त्यासाठी स्टेप-एनसी नावाचं प्रमाण तयार झालं, शॉपपर्यंत मात्र पोहोचलं नाही. म्हणजे आजची निवड आठ-दहा वर्षांची, आणि म्हणूनच चाचणी कसून घ्यायला हवी.

चाचणीसाठी दोन जॉब निवडा. एक रोजचा, दुसरा सगळ्यात छळणारा. कस्टमरकडून आलेलं मॉडेल जसंच्या तसं द्या, साफ करून देऊ नका. प्रोग्रॅम झाला की मॉडेलमध्ये एक भोक सरकवा, एक भिंत दोन मिलिमीटरने जाड करा आणि पाहा: किती ऑपरेशन आपोआप सुधारली, किती तुटली. रिव्हिजनचा त्रास ज्यांनी सोसला आहे त्यांना या एका प्रयोगात पॅकेजची किंमत कळेल. मग तो प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर, तुमच्या मटेरियलमध्ये, तुमच्या सेटरकडून चालवून घ्या. मोजमाप करताना धंद्याचं स्वरूप विसरू नका. ५,००० नगांच्या बॅचमध्ये नगामागे २० सेकंद वाचले तर जवळजवळ २८ तास वाचतात. तासाचा दर ५०० रुपये धरला तर एका बॅचला सुमारे १४ हजार रुपये. तिथे सायकल टाइम पाहा. एकेका नगाचं काम असेल तर सायकल टाइमपेक्षा प्रोग्रॅम तयार व्हायला लागलेले तास मोजा, कारण तेवढा वेळ मशीन रिकामं उभं असतं.

हे सगळं मनासारखं झालं तर पर्चेस ऑर्डरवर पॅकेजच्या नावाखाली मशीनचं नाव, कंट्रोलचं मॉडेल आणि ‘हाताने एकही ओळ न बदलता चालणारी पोस्ट’ हे शब्द लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता पहिला जॉब इन्स्पेक्शनमधून पास झाल्यावरच द्या.